बारा टक्क्यांची हिरवी पट्टी

माझ्या गिऱ्हाइकांना माझ्याकडून जे हवं असतं, ते अंगठ्याच्या नखाएवढं असतं. पस्तीस वर्षांपूर्वीचा एखादा कॉम्प्युटर त्यांनी माळ्यावरून खाली काढलेला असतो, पुसूनबिसून टेबलावर मांडलेला असतो, आणि तो चक्क सुरूही झालेला असतो. मग त्यांना वाटायला लागतं, हा आतून बरा आहे ना? मेमरी किती उरली, डिस्कवर जागा किती शिल्लक आहे, घड्याळ बरोबर चालतंय का, हे पडद्याच्या कोपऱ्यात सतत दाखवत राहणारे चिमुकले प्रोग्रॅम त्या काळी असायचे. ते आता सहज मिळत नाहीत. मी ते शोधून देतो.

निवृत्तीनंतरचा हा माझा उद्योग. कार्डिफमधल्या आमच्या गॅरेजमध्ये बिस्किटांचे अठरा डबे आहेत आणि डब्यांत फ्लॉप्या. जुन्या मासिकांबरोबर फुकट यायच्या त्या, कुणाच्या वारसांनी फेकायला काढलेल्या, 'किरकोळ' एवढंच लेबल लावलेल्या. काहींवर बुरशी असते, ती हलक्या हाताने पुसायची आणि पहिल्याच वाचनात सगळी नक्कल उतरवून घ्यायची, कारण दुसरं वाचन नशिबात असेलच असं नाही. माझी पत्नी सुलभा पाहुण्यांना सांगते, "ह्यांच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं आहे."

या प्रोग्रॅमांची एक गंमत आहे. मेमरी किती उरली हे सांगणारा प्रोग्रॅम स्वतः मेमरीतच ठाण मांडून बसतो. एका हौशी गृहस्थांनी असे सहा बसवून घेतले. सहाही जण एकमताने सांगत होते की जागा उरलेली नाही, आणि ते अगदी खरं होतं. केंब्रिजहून एक निवृत्त संशोधक आले होते, त्यांना मशीनचं तापमान दाखवणारा प्रोग्रॅम हवा होता. मी म्हटलं, "या मशीनमध्ये तापमान मोजायची सोयच नाही." ते थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "हरकत नाही. साधारण योग्य वाटेल असा एखादा आकडा दाखवला तरी चालेल."

मी त्यांना हसलो. हसायला नको होतं, कारण तो धंदा मी त्यांच्या फार आधी करून चुकलो होतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुलभाला इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली आणि मी तिच्या पाठोपाठ आलो. पुण्यात मी बरा प्रोग्रॅमर समजला जायचो. इथे आठ महिने मी फक्त चांगल्या पोळ्या करणारा नवरा होतो. हाताशी वेळ भरपूर, म्हणून एक जुनाच ब्रिटिश बनावटीचा कॉम्प्युटर घेतला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून डिस्कवरची जागा दाखवणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव 'नजर'. कोपऱ्यात एक हिरवी पट्टी. डिस्क भरत जाईल तशी पट्टी आखूड व्हायची आणि शेवटी लाल व्हायची. एका मासिकाने वाचकांकडून असे प्रोग्रॅम मागवले होते आणि मुदत संपायला दोन दिवस होते.

शेवटच्या तपासणीत लक्षात आलं की शिल्लक जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की माझं गणित कुठेतरी उलटं होतं आणि सगळं मशीन जागच्या जागी गोठतं. कुठे, ते सापडेना. मग मी तेच केलं, जे अडचणीत सापडलेला प्रोग्रॅमर करतो आणि कधी कबूल करत नाही. एक ओळ घातली: आकडा बाराच्या खाली गेला, तर बाराच दाखवायचा. नुसता बारा दाखवला असता तर पट्टी मेल्यासारखी दिसली असती, म्हणून ती बारा आणि चौदाच्या दरम्यान जराशी हलत ठेवली. आणि त्या ओळीशेजारी रोमन लिपीत, पण मराठीत, स्वतःसाठी टीप लिहिली: 'तात्पुरतं. नंतर नीट करणे.' मराठीत अशासाठी, की इथे कुणाला कळू नये.

मासिकाने 'नजर' फ्लॉपीवर घालून घरोघर पाठवली. परीक्षणात लिहिलं होतं की आजवर पाहिलेल्या अशा सगळ्या प्रोग्रॅमांत ही सर्वात शांत आहे, उगाच घाबरवत नाही. ते वाचून मला लाज वाटायला हवी होती. मी ते पान कापून फाइलला लावलं. महिन्याभराने एका इंटरव्ह्यूला गेलो, तर साहेबांच्या स्वतःच्या मशीनवर माझी हिरवी पट्टी डुलत होती. "हे तुम्ही लिहिलंत?" त्यांनी विचारलं. पुढची सव्वीस वर्षं मी त्या ऑफिसात इतरांच्या चुका दुरुस्त केल्या. माझी नोकरी, हे घर, मुलीचं शिक्षण, सगळं त्या बारा टक्क्यांवर उभं आहे म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

त्या नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते, तेव्हा मासिकाच्या पत्त्यावरून फिरत फिरत एक पत्र आलं. कार्डिफच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातल्या इद्रिस प्रॉसर नावाच्या गृहस्थांचं. भाषा अत्यंत सभ्य. सोबत हाताने आखलेला तक्ता. त्यांनी मुद्दाम आपली डिस्क थोडी थोडी भरत नेली होती आणि प्रत्येक टप्प्यावर खरी जागा किती आणि 'नजर' काय म्हणते, हे शेजारी शेजारी मांडलं होतं. शेवटच्या ओळीत खरी जागा शून्य होती आणि 'नजर' तेरा म्हणत होती. खाली लिहिलं होतं, "तुमचा प्रोग्रॅम फार आशावादी स्वभावाचा दिसतो. माझ्याच वाचनात काही चूक असल्यास कृपया कळवावे." शिवाय एक प्रश्न होता: प्रोग्रॅम उघडून पाहिला तेव्हा त्या ओळीशेजारी 'tatpurta' असा शब्द दिसला. तो इंग्रजी नाही, वेल्श नाही. त्याचा अर्थ काय?

मी उत्तर दिलं नाही. नव्या साहेबांच्या पडद्यावर ती पट्टी होती, मी काय लिहिणार? आज लिहू, उद्या लिहू करत पत्र खणात गेलं आणि खणातच राहिलं. सुलभाला ते माहीत होतं. ती दर दोन-चार वर्षांनी विचारायची, "त्या तक्तेवाल्यांना लिहिलंत का?" मग तीही विचारायची थांबली.

आता गॅरेजच्या उद्योगात गिऱ्हाइकं सगळ्यात जास्त कशाची मागणी करत असतील? 'नजर'ची. "ती शांत, हिरवी पट्टी होती ना, ती शोधून द्या." मी प्रत्येकाला सांगत आलो की सापडत नाही. खरं तर ती तिसऱ्या डब्यात आहे. दुसऱ्यांचं हरवलेलं शोधून देणाऱ्या माणसाने आपलीच वस्तू लपवून ठेवायची, असा तो प्रकार.

गेल्या ऑक्टोबरमध्ये फोन आला. "मी एर्लिस प्रॉसर. इद्रिसची पत्नी. 'नजर'वाले मिस्टर सबनीस तुम्हीच ना?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. मला वाटलं, आता पत्राचा विषय निघणार. पण त्यांनी पत्राचं नावही काढलं नाही. इद्रिस दोन वर्षांपूर्वी गेले. ते रोज सकाळी नऊ वाजता अंगणातल्या मापात साठलेला पाऊस मोजायचे आणि आकडा कॉम्प्युटरमध्ये घालायचे. चाळीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर. ते गेल्यावर ते काम एर्लिसबाईंनी चालू ठेवलं होतं. आणि गेल्या आठवड्यात पडद्यावरची हिरवी पट्टी अचानक नाहीशी झाली होती.

"माझं नाव कुठे मिळालं?"

"पट्टीवर क्लिक केलं की यायचं. खाली कार्डिफ असंही होतं. मग इथल्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या क्लबात विचारलं. मिस्टर सबनीस, ती पट्टी दिसत नसली की मला टाइप करायची भीती वाटते हो."

शनिवारी गेलो. सुलभाही आली. "मला ड्राइव्ह आवडते म्हणून येतेय, तुमच्यावर नजर ठेवायला नाही," असं ती म्हणाली, ते मी ऐकून घेतलं.

एर्लिसबाई ऐंशीच्या आसपासच्या, ताठ आणि बोलक्या. मागच्या खोलीत खिडकीशी कॉम्प्युटर, खिडकीबाहेर पाऊस मोजायचं तांब्याचं भांडं. दुखणं सोपं होतं. या मशीनमध्ये एक छोटी बॅटरी असते, ती म्हातारपणी पाझरते आणि मशीन आपल्या सवयी विसरतं. सुरू झाल्या झाल्या 'नजर' चालू करायची ही सवयही ते विसरलं होतं. दोनदा क्लिक केलं असतं तर पट्टी परत आली असती आणि मी वेल्श केक खाऊन घरी गेलो असतो.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली: 'डिस्क भरली आहे.' खाली 'ओके'चं बटण.

"हे कधीपासून येतंय?" मी विचारलं.

"ते होय? ते रोजच येतं. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून. पहिल्या दिवशी मी दचकले, पण मग पट्टीकडे बघितलं. हिरवी होती. जागा होती. म्हणून मी ओके दाबलं. रोज दाबते."

मी पावसाची फाइल उघडली. शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची होती.

पाहता पाहता सगळं उलगडलं. इद्रिस रोज अख्ख्या नोंदींची एक नवी प्रत साठवायचे आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला डिस्क नीट तपासून जुन्या प्रती काढून टाकायचे. त्यांचा माझ्या पट्टीवर काडीचा विश्वास नव्हता, तो तक्ता त्यांनीच तर केला होता. ते गेल्यावर प्रती साठत राहिल्या, दहा महिन्यांत डिस्क भरली. त्या दिवसापासून कॉम्प्युटर रोज सकाळी खरं सांगत होता आणि माझी पट्टी रोज सकाळी त्याला खोटं पाडत होती. आकडा घालायला पडद्यावर रोज एक कोरी ओळ यायची, मागच्या नोंदी दिसायच्या नाहीत. बाई रोज पावसात जाऊन माप आणायच्या, आकडा घालायच्या, आणि तो कुठेच जात नव्हता.

"कागदावर कुठे लिहिलंय का?" मी विचारलं.

"पाकिटाच्या पाठीवर. इथपर्यंत येईपर्यंत विसरायला नको म्हणून. मग पाकीट रीसायकलिंगला." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "का? काय झालं?"

आता मी जे बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "जुनी डिस्क आहे. इतक्या वर्षांनी अशा डिस्का दगा देतात. कुणाचा दोष नसतो."

सुलभा दारात कप घेऊन उभी होती. ती शांतपणे मराठीत म्हणाली, "अहो, डिस्क बिचारी रोज खरं बोलत होती."

एर्लिसबाईंना शब्द कळले नाहीत, पण नवरा-बायकोतलं हे बोलणं कुठल्याही भाषेत कळतं. त्या खुर्चीत बसल्या आणि वाट बघू लागल्या. मग मी सगळं सांगितलं. मासिकाची मुदत, दहा टक्के, बारा टक्के, उगाच हलणारी पट्टी. चौदा महिन्यांचा पाऊस माझ्यामुळे गेला, हेही सांगितलं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. माझं तांबडं तीस वर्षांनी, दुसऱ्याच्या घरात फुटलं.

रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या उठल्या, कपाटातून एक फाइल काढली आणि त्यातून एक कागद माझ्यापुढे ठेवला. तोच तक्ता, तेच पत्र. इद्रिस प्रत्येक पत्राची नक्कल ठेवायचे.

"मला वाटायचं, हे कौतुकाचं पत्र आहे," त्या म्हणाल्या. "मला तक्ते कळत नाहीत. इद्रिस ज्यांना मानायचा, त्यांनाच लिहायचा. कित्येक दिवस पोस्टमन आला की विचारायचा, कार्डिफहून काही आहे का. मग म्हणाला, कामात असतील." त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "याचा अर्थ काय? त्याला वाटत होतं, तुमच्या एखाद्या देवाचं नाव असेल. मशीनवर कृपा राहावी म्हणून घातलेलं."

मी म्हटलं, "तात्पुरतं. म्हणजे, सध्यापुरतं. नंतर नीट करणार होतो."

"अच्छा," त्या म्हणाल्या. त्यांनी कागद परत फाइलमध्ये ठेवला. मला तेव्हा जितकं वाईट वाटलं, तितकं सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही साहेबापुढे वाटलं नव्हतं.

भरपाई करायची म्हणून मी सुचवलं, सात मैलांवरच्या तलावापाशी पाऊस मोजतात, त्यांचे आकडे मिळवून मधली जागा भरता येईल. त्यांनी मान हलवली. "तो त्यांचा पाऊस." मग शून्य घालू का म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं मलाच हसू आलं. वेल्समध्ये चौदा महिने पाऊस पडला नाही असं लिहिणं हे माझ्या पट्टीपेक्षा मोठं खोटं झालं असतं.

घरी येऊन तिसरा डबा उघडला. ज्या चुकीसाठी मी ती ओळ घातली होती, ती चूक शोधायला मला वीस मिनिटं लागली. एका कंसाची जागा चुकली होती. चहा निवायच्या आत काम झालं. मग मी नवी 'नजर' लिहिली. ती खरोखर डिस्क वाचते, त्यामुळे सुरू होताना मशीन सेकंदभर घुरघुरतं. जागा संपली की पट्टी लाल होते, आणि लालच राहते. गिऱ्हाइकांना मी आता दोन्ही देतो आणि कोणती कशी आहे ते सांगतो. आतापर्यंत चौघांनी जुनीच मागून नेली. केंब्रिजचे गृहस्थ त्यांपैकी एक.

एर्लिसबाईंनी नवी ठेवली. घुरघुरीबद्दल आधी कुरकुर केली, मग म्हणाल्या, "निदान ते काहीतरी करतंय हे ऐकू तरी येतं." दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांचा फोन येतो. पट्टी किती सांगते ते सांगतात, मग म्हणतात, "मी वेगळं तपासलंसुद्धा. बरोबर आहे." मी थँक यू म्हणतो. त्या कधी 'वेलकम' म्हणत नाहीत.

राहिले मधले चौदा महिने. त्याबद्दल त्यांनी एकच अट घातली. इद्रिसच्या नोंदींत प्रत्येक तारखेपुढे शेऱ्याची जागा होती: गारा, धुकं, माप गोठलं, असं ते लिहायचे. "कारण दिल्याशिवाय त्याने एकही जागा रिकामी सोडली नाही. तुम्ही कारण लिहा, आणि खाली नाव." एका आज्ञेत सगळ्या ओळी भरता आल्या असत्या. मी तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "मी रोज एकेक घातला होता." तेव्हा पाच शनिवार मी त्या खिडकीशी बसून एकेक तारीख भरली. बाहेर बहुतेक वेळा पाऊस होता, आणि नऊ वाजता त्या माप घेऊन यायच्या.

मंडळाच्या या अंकासाठी लेख मागताना लंडनमधल्या ईलिंगहून संपादक मृणालने फोनवर सांगितलं होतं, "काका, तुमच्या करिअरमधली बेस्ट अचीव्हमेंट लिहा ना, एकदम इन्स्पायरिंग." तर लिहितो. ती नोंदवही छापून आता त्या खेड्याच्या लायब्ररीत ठेवली आहे, कुणीही पाहू शकतं. इद्रिस प्रॉसर यांची चाळीस वर्षं, मग एर्लिसबाईंचे दहा महिने, आणि मग चारशे सव्वीस दिवस, ज्यांच्यापुढे पावसाचा आकडा नाही. प्रत्येक दिवसापुढे एकच शेरा आहे: 'मोजला होता. हरवला. दोष माझा. सबनीस.'